फायरमनचा कोर्स: खासगी डिप्लोम्याला पासष्ट हजार भरावे का?

सेलूकर

जाणकारांचा सल्ला हवाय. धाकट्या चुलतभावाला फायर ब्रिगेडमध्ये जायचंय. वय २०, दहावीला ६१ टक्के, बारावी कला शाखेतून. पोलीस भरतीत मैदान चांगलं निघालं पण लेखीत राहिला. अंगानं काटक आहे, विहिरीत पोहतो, उंचीची भीती नाही.

जिल्ह्याच्या गावी एका खासगी संस्थेत चौकशी केली. 'फायर अँड सेफ्टी'चा एक वर्षाचा डिप्लोमा, फी पासष्ट हजार, दोन हप्त्यांत. भिंतीवर बंबाचा मोठा फोटो आणि त्याखाली 'शंभर टक्के नोकरी'. यावर नगरपालिकेत लागता येईल का असं विचारलं, तर म्हणाले, "सरकारमान्य आहे, कुठंही चालतं." काका सोयाबीन विकून पैसे भरायला निघालेत. माझं मन घेत नाही.

हा डिप्लोमा खरंच नगरपालिका-महापालिकेच्या भरतीला चालतो का? मुंबईला सरकारी कोर्स असतो म्हणतात, त्याचं काय? आणि आपल्या मराठवाड्यात काहीच सोय नाही का?

वर्दी_आली

सेलूकर, काकांना आधी थांबवा. सोयाबीन विकू द्या, पैसे मात्र खात्यात राहू द्या.

मी मराठवाड्यातल्याच एका नगरपरिषदेत फायरमन आहे. गेल्या काही वर्षांतल्या नगरपरिषदा-महापालिकांच्या जाहिराती उघडून बघा. फायरमन किंवा अग्निशामक पदासमोर बहुतेक ठिकाणी हेच लिहिलेलं असतं: दहावी उत्तीर्ण, राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई यांचा सहा महिन्यांचा अग्निशमन पाठ्यक्रम उत्तीर्ण, एमएससीआयटी, मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं. हे केंद्र सांताक्रूझ पूर्वेला कलिन्यात, विद्यानगरीत आहे. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय ते चालवतं. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर सर्टिफिकेटवरचं नाव आणि जाहिरातीतलं नाव समोरासमोर ठेवून बघतात. जुळलं नाही तर तुम्ही मैदानात पहिले आला असाल तरी उपयोग नाही.

तिथं मुख्य कोर्स दोन. पहिला अग्निशामक, सहा महिन्यांचा. त्याला दहावीला ५० टक्के लागतात, मागास प्रवर्गाला ४५. वय १८ ते २३, मागास प्रवर्गाला सवलत. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६. दुसरा उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंध अधिकारी पाठ्यक्रम, एक वर्षाचा, त्याला पदवी लागते. तुमचा भाऊ पहिल्यात बसतो असं दिसतंय. अर्ज ऑनलाइन, संचालनालयाच्या संकेतस्थळावर. अटी त्या-त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत असतात, त्यावरूनच चालायचं, माझ्या शब्दावर नाही.

वयाकडे लक्ष ठेवा. २० म्हणजे हातात वेळ आहे, पण खासगीत एक वर्ष घालवलं तर तेवढा कमी होतो.

हापूस_नव्हे_केशर

भिंतीवर बंबाचा फोटो आहे, दारात बंब आहे का ते विचारा.

धारूरचा_घाट

वरच्या प्रतिसादावर हसू आलं, पण खरं तेच आहे. मी असाच एक डिप्लोमा केलाय. संस्थेचं नाव घेत नाही. वर्षभर वर्ग झाले ते एका गाळ्यात, दोन खोल्यांत. प्रात्यक्षिक म्हणून लाल सिलिंडर एकदा हातात दिला, पत्र्याच्या डब्यात डिझेल पेटवून तो विझवायला लावला आणि त्याचे फोटो काढून पुढच्या वर्षीच्या पत्रकावर छापले. पंपाला हात लावू दिला नाही. होज म्हणजे पाण्याचा पाइप कपलिंगला जोडतात कसा, तेही मी पुढं एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागल्यावर शिकलो.

महापालिकेच्या भरतीत माझा अर्ज पडताळणीला बाद झाला. संस्थेत जाऊन विचारलं तर म्हणाले, "आम्ही प्लेसमेंट खासगीत देतो." प्लेसमेंट म्हणजे मॉलमध्ये सुरक्षारक्षक. आईनं त्या फीसाठी दोन म्हशी विकल्या होत्या. सेलूकर, काकांना हे वाचून दाखवा.

कुळवणी

थोडं वेगळं मत मांडतो. सगळ्या खासगी कोर्सना एकाच पारड्यात घालू नका. माझा भाचा असाच एक कोर्स करून संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या एका कंपनीत फायर टेक्निशियन म्हणून लागला. सुरुवातीला कंत्राटदाराकडून पगार, आता कंपनीच्या पटावर आहे. सरकारी जागा निघतात किती आणि अर्ज येतात किती? पोरं वर्षानुवर्षं जाहिरातीची वाट बघत बसतात आणि वय निघून जातं. कंपन्यांमध्ये हायड्रंट लाइन, स्प्रिंकलर, जॉकी पंप बघायला माणूस लागतोच. ज्याला घर चालवायचंय त्यानं तोही रस्ता बघावा.

वर्दी_आली

कुळवणी, तुमचं म्हणणं मान्य. भांडण त्या रस्त्याशी नाही. संस्थेनं सरळ सांगावं की हा कोर्स कंपनीसाठी आहे, मग पासष्ट हजार भरायचे की नाही ते ज्यानं-त्यानं ठरवावं. नगरपालिकेचं गाजर दाखवून कंपनीचा कोर्स विकतात, राग त्याचा आहे.

वाळूज_शिफ्ट

कंपनीच्या बाजूनं मी लिहितो. आमच्याकडं तीन वेगळी कामं असतात आणि संस्था तिन्ही एकाच पत्रकात कोंबतात.

फायरमन किंवा फायर टेक्निशियन: पंपरूम, हायड्रंट, एक्स्टिंग्विशर, मॉक ड्रिल. याला आयटीआयचा 'फायर टेक्नॉलॉजी अँड इंडस्ट्रियल सेफ्टी मॅनेजमेंट' हा ट्रेड चांगला, 'फायरमन' हाही वेगळा ट्रेड आहे. आयटीआयची फी खासगीच्या पासंगालाही पुरत नाही. आपल्या भागातल्या कुठल्या आयटीआयला यंदा तो चालू आहे ते प्रवेशाच्या यादीत बघा.

सेफ्टी ऑफिसर: मोठ्या कारखान्यात कायद्यानं हा लागतोच. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी-पदविका किंवा विज्ञानाची पदवी, कामाचा अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा, ज्याला आम्ही एडिस म्हणतो. बारावी कला झालेल्या पोराला "एका वर्षात सेफ्टी ऑफिसर" म्हणून कुणी सांगत असेल तर तिथून सरळ बाहेर पडावं.

तिसरं काम फायर ऑफिसरचं. त्याला वर सांगितलेला उपस्थानक अधिकारी म्हणजे सब ऑफिसर कोर्स किंवा नागपूरचं अग्निशमन महाविद्यालय.

आणि हे काम किती गरजेचं आहे ते आम्ही बघितलंय. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे संभाजीनगरजवळ वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात आग लागली, आत झोपलेले सहा कामगार गेले. माझी त्या रात्री पलीकडच्या प्लॉटवर ड्यूटी होती. शटर तापून लाल झालं होतं. बाहेर पडायला दुसरा दरवाजा हवा, रात्री कामगार आत झोपले असतील तर कुणाला तरी ते माहीत असायला हवं, एवढं सांगणारा एक शिकलेला माणूस प्रत्येक युनिटात असावा असं मला तेव्हापासून वाटतं.

नांदेडची_मीरा

मुलींबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी बहीण सब ऑफिसर कोर्सची तयारी करतेय. घरात पहिला प्रश्न आला, "बाईमाणसाला शिडीवर चढवतात का?" तेव्हा हर्षिनी कान्हेकर यांचं उदाहरण दिलं. २००२ साली त्या नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात दाखल झालेल्या पहिल्या महिला, पुढं ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत फायर ऑफिसर झाल्या. ते महाविद्यालय केंद्रीय गृहमंत्रालयाचं आहे, १९५६ साली रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपूरला आलं. नांदेड-हिंगोलीच्या लोकांना मुंबईपेक्षा जवळ. तिथं फायर इंजिनिअरिंगची पदवीही आहे. विज्ञान घेतलेल्या मुलींनी तो विचार जरूर करावा.

राज्यातल्या सरळसेवेत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. जागा असतात, पण कोर्स केलेल्या मुलीच कमी, म्हणून त्या रिकाम्या राहतात. मुली कमी का, तर मैदानावर सराव करायला जागा नाही. बहीण पहाटे साडेचारला धावायला जाते आणि वडील मोटारसायकलवर मागं-मागं. प्रत्येक घरात असा बाप नसतो.

सेलूकर

वाचतोय. वर्दी_आली दादा आणि धारूरचा_घाट, दोघांचे प्रतिसाद काकांना वाचून दाखवले. काका काही बोलले नाहीत, पण सोयाबीनचे पैसे अजून घरातच आहेत.

मुंबई महापालिकेची भरती वेगळी असते का? तिथं कोर्स लागत नाही असं भाऊ म्हणतो.

पहाटेची_पळती

मी मुंबईची शेवटची मोठी भरती दिलीय, २०२२-२३ ची, ९१० जागांची. भावाचं बरोबर आहे, तिथं कोर्स आधी लागत नव्हता. बारावीला ५० टक्के मागितले होते आणि निवड झाल्यावर मुंबई अग्निशमन दल स्वतःच शिकवतं. पण उंची पुरुषांना १७२ सेंटिमीटर! राज्याच्या कोर्सला १६५ आणि मुंबईला १७२. हा सात सेंटिमीटरचा फरक माहीत नसल्यानं मराठवाड्यातली किती पोरं रात्रभर रेल्वेनं दहिसरला गेली आणि मोजमापातच परत आली.

मैदानात ८०० मीटर तीन मिनिटांत, १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये उडी, ५० किलोचा मानवी पुतळा खांद्यावर घेऊन पळणं, दोर चढणं, शिडी. खाली आठ जण शीट ताणून उभे असतात आणि वरून ते शीट रुमालाएवढं दिसतं. पाय आधी टाकायचे नाहीत, पाठीवर पडायचं. घराच्या गच्चीवरून गादीवर उड्या मारून कुणीही सराव करू नये, आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या टाचेचं हाड मोडलं.

अजून एक. सीआयएसएफची, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची, कॉन्स्टेबल-फायर भरती निघते, प्रशिक्षण हैदराबादजवळ हकीमपेटला. पण तिथं बारावी विज्ञान लागतं आणि उंची १७०. सेलूकर, तुमच्या भावाचं कला आहे म्हणजे तो दरवाजा बंद. विमानतळ प्राधिकरणाच्या फायर सर्व्हिसला बारावी चालते, मात्र गाडीचं लायसन्स मागतात.

हापूस_नव्हे_केशर

५० किलोच्या पुतळ्यासाठी सोयाबीनचं पोतं आहेच घरात. काका विकायच्या आत सराव उरकून घ्या.

पहाटेची_पळती

केशरभाऊ, आम्ही पोत्यावरच केला. पण पोतं ताठ बसतं आणि बेशुद्ध माणूस पाण्यासारखा सांडतो. पोतं जमलं की मित्राला उचला आणि त्याला सांगा, अंग एकदम सैल सोड. तिथंच कळतं.

अण्णा_औसा

मी मुलगा-सुनेकडून हे वाचायला शिकलो, चूकभूल द्यावी. विषय थोडा बाजूला नेतो.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीपासून आमचं गाव लांब नाही. आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं. माळवदाची घरं, दगड-मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, सगळ्या आत बसलेल्या. लोक खोरं-टिकाव घेऊन वर चढून खणायला लागले. आता कळतं की ढिगाऱ्यावर चढलं की खाली जी पोकळी उरलेली असते तीही दबते. तेव्हा कुणाला सांगणार? आवाज ऐकू यायचे, कुठून ते समजायचं नाही. मग लष्कर आलं, त्यांनी आधी सगळ्यांना गप्प बसवलं, कान लावून ऐकलं, बाजूनं वाट काढली.

म्हणून म्हणतो, फायरमन म्हणजे नुसती आग नव्हे. विहिरीत पडलेला बैल, पुरात अडकलेली वस्ती, पडलेलं घर, सगळं त्यांच्याच गळ्यात. गावात निदान पाच-दहा पोरं असं शिकलेली असावीत, सरकारी नोकरी मिळो न मिळो.

वर्दी_आली

अण्णा, नमस्कार. आमच्या रजिस्टरला आगीइतक्याच विहिरीच्या वर्द्या, म्हणजे मदतीचे कॉल, असतात. उन्हाळ्यात तर जास्तच. विहिरीत उतरण्याआधी आम्ही पेटता दिवा किंवा गॅस डिटेक्टर खाली सोडतो. जुन्या विहिरीत हवा नसते, एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. हेही कोर्सात शिकवतात.

कोर्सात काय असतं असं दोघा-तिघांनी मला व्यक्तिगत निरोपात विचारलं, म्हणून इथंच लिहितो. पहाटे पीटी, मग स्क्वॉड ड्रिल, ती पोलिसांसारखीच. त्यानंतर होज ड्रिल, शिडी, पंप, दोरांच्या गाठी, बीए सेट, प्रथमोपचार, वर्गात आगीचं रसायन आणि पाण्याचा हिशेब.

पाण्याचा हिशेब सांगतो, कारण मराठवाड्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा. नेहमीच्या बंबात ४५०० लिटर पाणी. पंपाची ताकद मिनिटाला २२५० लिटर. पूर्ण सोडला तर टाकी दोन मिनिटांत कोरडी, आणि जवळची विहीर तळाला गेलेली. म्हणून आल्या-आल्या पाणी मारत सुटणारा फायरमन कामाचा नाही. आधी बघायचं की काय जळतंय, कुठं पसरेल, आत माणूस आहे का, दुसरं पाणी कुठून येईल. एका ब्रांचवर, म्हणजे होजच्या तोंडाच्या एका नळीवर, भागत असेल तर दुसरी उघडायची नाही. उस्ताद आम्हाला शिट्टी वाजवून थांबवायचे आणि विचारायचे, "टाकीत किती उरलं?" उत्तर चुकलं की होज खांद्यावर घेऊन मैदानाला चक्कर.

बीए सेट म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क. पहिल्यांदा धुराच्या खोलीत सोडतात तेव्हा स्वतःचा हात दिसत नाही. उजवा हात भिंतीला लावायचा आणि तो सोडायचा नाही. पाय उचलून टाकायचा नाही, घासत पुढं न्यायचा, कारण पुढची फरशी आहे की नाही ते माहीत नसतं. सिलिंडरमधला दाब ५५ बारच्या आसपास आला की शिटी वाजते. ती वाजली की जे चाललंय ते सोडून बाहेर. त्या खोलीतून काही मुलं मास्क ओरबाडून बाहेर येतात, हळूहळू सवय होते.

३ एप्रिल २०२४ ला संभाजीनगरच्या छावणी भागात शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या एकाच कुटुंबातले सात जण गेले. आगीनं नाही, धुरानं. दोन खोल्यांच्या गाळ्यात वर्षभर बसून धुराचं हे शिक्षण मिळत नाही, मला एवढंच म्हणायचंय.

जिनिंगवाला

वर्दी_आली, पाण्याचं वाचून राहवलं नाही. आमची जिनिंग आहे, परभणी जिल्ह्यात. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला की मशीनमध्ये ठिणगी पडते आणि पेटतं. रुईवरची आग भर्रकन पळते, ती दिसते तरी. खरी डोकेदुखी गाठींची. १७० किलोची दाबलेली गाठ. वरून पाणी मारलं की काळी पडते, विझली असं वाटतं. आत धुमसत राहते, दोन दिवसांनी पुन्हा धूर.

एकदा आमच्याकडं बंब आला, पोरं उत्साही होती, पाणी मारून विझवलं आणि गेली. तिसऱ्या रात्री गोदाम पेटलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावचा बंब आला. त्यातला एक वयस्क लीडिंग फायरमन उतरला, त्यानं आधी आमच्या हमालांना गोळा केलं. पेटलेली प्रत्येक गाठ बाहेर मोकळ्या जागेत ओढायला लावली, पट्ट्या तोडल्या, गाठ फोडली, थर सोडवून मग पाणी मारलं. निम्म्या पाण्यात काम झालं. जाताना म्हणाला, "रात्रभर माणूस बसवा, हात लावून गरम लागली की कळवा."

पहिली पोरं आळशी नव्हती, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या भागाला लागणारं प्रशिक्षण म्हणजे कापूस, सोयाबीनची गंजी, कडबा, साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. मुंबईच्या उंच इमारतींचं शिकून आलेला मुलगा इथं आला की त्याला हे नव्यानं शिकावं लागतं.

वाळूज_शिफ्ट

आणि डिस्टिलरी विसरू नका. इथेनॉलमुळं प्रत्येक साखर कारखान्यात स्पिरिटच्या टाक्या उभ्या राहिल्यात. साधा फोम स्पिरिटवर टिकत नाही, विरघळून जातो, अल्कोहोल-रेझिस्टंट फोम लागतो. हे माहीत असलेला माणूस किती नगरपालिकांच्या बंबावर आहे?

गोदाकाठ

मला एक प्रश्न पडतो. आठ जिल्हे, कापूस, साखर, एमआयडीसी, गोदावरीचा पूर, भूकंपाचा इतिहास. एवढं असून पोरांना शिकायला मुंबई गाठावी लागते. लातूरला किंवा संभाजीनगरला राज्याचं पूर्ण क्षमतेचं प्रशिक्षण केंद्र का नको? २०१६ च्या दिवाळीत संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर फटाक्यांची दुकानं जळाली, तेव्हा महिनाभर ही चर्चा झाली. भंडाऱ्याच्या रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा बाळं गेली, पुन्हा फायर ऑडिट, फायर ऑडिट. २००६ चा आग प्रतिबंधक अधिनियम आहे, त्याप्रमाणे इमारतवाल्यांनी दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते तपासायला शिकलेली माणसं नकोत का?

कुळवणी

गोदाकाठ, पूर्ण सहमत. सरकारी केंद्र जवळ असतं तर या गाळ्यातल्या संस्थांचा धंदा चाललाच नसता. माझ्या भाच्यानंही आधी कलिन्यालाच अर्ज केला होता.

नांदेडची_मीरा

+१. आणि वसतिगृहासकट. मुंबईत सहा महिने राहणं-खाणं हा कोर्सच्या फीपेक्षा मोठा खर्च वाटतो घरच्यांना, मुलींच्या बाबतीत तर जास्तच.

अण्णा_औसा

निवेदन लिहा कुणीतरी. सही माझी पहिली.

गोदाकाठ

लिहितो अण्णा. वेगळा धागा काढतो, जिनिंगवाला आणि वाळूज_शिफ्ट यांनी तिथं आपापले मुद्दे द्यावेत. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ फायरमन कामी आले. त्या आठवड्यात निवेदन दिलं तर वर्तमानपत्रंही दखल घेतील.

वर्दी_आली

१४ एप्रिलला नको, १५ किंवा १६ ला द्या. १४ ला बाबासाहेबांची जयंती, आम्ही सकाळी शहीद फायरमनना मानवंदना देऊन दिवसभर मिरवणुकीच्या बंदोबस्ताला असतो. आम्हालाही यायचंय निवेदन द्यायला.

सेलूकर

मूळ प्रश्नावर परत येतो. काल भावाला घेऊन त्या संस्थेत पुन्हा गेलो. म्हटलं, कुठल्याही एका नगरपरिषदेची जाहिरात दाखवा ज्यात तुमच्या डिप्लोम्याचं नाव आहे, नाहीतर नगरपालिकेला चालतो असं लेटरहेडवर लिहून द्या. मॅडम आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर बाहेरगावी आहेत, पण जागा भरत आल्यात, आज भरलं तर पाच हजार कमी करू." काका खुर्चीतून उठले आणि सरळ बाहेर. बसस्टँडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोराला बूट घेऊ चांगले."

उंची सरकारी दवाखान्यात मोजून घेतली, १६७. म्हणजे मुंबई महापालिका गेली, राज्याच्या कोर्सला बसतो. छाती ८० भरली आणि फुगवून ८४.

पहाटेची_पळती

छातीची काळजी करू नका. दंड-बैठका, पोहणं आणि सकाळी श्वासाचा सराव, महिन्या-दोन महिन्यांत फरक पडतो. मोजताना टेप कुठून लावतात ते बघून घ्या आणि श्वास पोटात नाही, छातीत भरायचा. विहिरीत पोहतो म्हणालात, ते बंद करू नका.

धारूरचा_घाट

सेलूकर, वाचून फार बरं वाटलं.

वर्दी_आली

छान केलंत. आता कोर्सचं वेळापत्रक लागेपर्यंत वेळ फुकट घालवू नका. एमएससीआयटी नसेल तर करून टाका. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, हे तहसीलच्या रांगेत आत्ताच काढा. अर्जाची मुदत सुरू झाल्यावर सर्व्हर चालत नाही. डोळे तपासून घ्या, रंगांधळेपणा असेल तर पुढं जाता येत नाही आणि ते बऱ्याच मुलांना मेडिकललाच पहिल्यांदा कळतं.

आणि चारचाकीचं लायसन्स काढा. हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं झालं आणि वय २० पूर्ण असलं की जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स काढता येतं. दलात चालक-यंत्रचालक हे वेगळं पद आहे, त्याला जड वाहनाचं लायसन्स आणि अनुभव मागतात. अर्ज कमी येतात, कारण बंब चालवणं आणि पंप चालवणं दोन्ही येणारा माणूस मिळत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला हे जड जायचं नाही.

सेलूकर

ट्रॅक्टर तो आठवीपासून चालवतो, लायसन्स मात्र काहीच काढलं नाही. सोमवारी परभणीला आरटीओत घेऊन जातो. एमएससीआयटीची फी काका भरतायत. कोर्सची सूचना कुणाला आधी दिसली तर या धाग्यावरच टाका, मीही रोज संकेतस्थळ बघतोय.